लीलावतीचा मोती आणि घटिकापात्र

वर्गात भास्कराचार्यांचे नाव निघाले की पाठोपाठ लीलावतीची गोष्ट येतेच. ती आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. तरी पुढील विवेचनासाठी थोडक्यात सांगतो. भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिच्या पत्रिकेत विवाहसुख नव्हते. आचार्यांनी मोठ्या खटपटीने एकच निर्दोष मुहूर्त शोधून काढला आणि तो अचूक साधावा म्हणून घंगाळात घटिकापात्र सोडून ठेवले. वधूवेषातील लीलावती कुतूहलाने त्यात डोकावली. तिच्या अलंकारातील एक मोती निखळून पात्रात पडला व नेमका छिद्रावर बसला. पाणी आत येईना, पात्र बुडेना, आणि मुहूर्त टळून गेला. तेव्हा पित्याने तिचे सांत्वन केले, की तुझ्या नावाचा असा ग्रंथ लिहितो जो चिरकाल टिकेल.

एका शाळेच्या भेटीत ही गोष्ट मी चौथीच्या वर्गात बसून ऐकली. गुरुजींनी ती सुरेख रंगविली होती. शेवटी एका मुलीने विचारले, "गुरुजी, पण लीलावतीला गणित येत होते का?" गुरुजी क्षणभर थांबले व म्हणाले, "येत असेल." खरे सांगावयाचे तर मलाही त्या वेळी याहून बरे उत्तर सुचले नसते. परंतु प्रश्न मनात राहिला. विवाह हुकला म्हणून मुलीच्या पदरी गणित पडले, असा जर गोष्टीचा ठसा वर्गातील पंधरा-वीस मुलींच्या मनावर उमटत असेल, तर ती गोष्ट कितपत खरी आहे हे तपासून पाहणे शिक्षकाचे कर्तव्यच ठरते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधील, म्हणजे इ. स. १११४ चा. 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ आपण वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रचला, असे त्यांनीच नमूद करून ठेवले आहे. म्हणजे तो ११५० चा. 'लीलावती' हा त्याचा अंकगणिताचा भाग. आता मोत्याची गोष्ट कोठे येते? अकबराच्या आज्ञेवरून फैजीने 'लीलावती'चे फारसी भाषांतर १५८७ मध्ये केले, त्याच्या प्रस्तावनेत. दोहोंमध्ये चार शतकांहून अधिक काळ लोटलेला आहे. खुद्द ग्रंथात लीलावती ही आपली कन्या आहे असे आचार्यांनी कोठेही म्हटलेले नाही, मग मोती आणि मुहूर्त यांची गोष्ट दूरच राहिली.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावनजीक पाटण येथील भवानीच्या देवालयात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने मठ स्थापिला आणि त्यास १२०७ मध्ये दान मिळाले, अशी त्यात नोंद आहे. घराण्याच्या अनेक पिढ्यांची नावे तेथे आहेत, पण सगळी पुरुषांची. तेव्हा त्यावरून कन्या होती असे म्हणता येत नाही आणि नव्हती असेही म्हणता येत नाही.

मात्र त्या मुलीच्या प्रश्नास उत्तर आहे आणि ते ग्रंथातच आहे. कित्येक उदाहरणे आचार्य समोर कोणी बसले आहे अशा थाटात घालतात. आरंभीच्या एका उदाहरणात तर लीलावतीस नावाने हाक मारून ते तिला बुद्धिमती म्हणतात व बेरीज-वजाबाकी करून दाखविण्यास सांगतात. पुढे खांबावरील मोर आणि बिळाकडे धावणारा सर्प यांचे उदाहरण येते. ते सोडविण्यास काटकोन त्रिकोणाचा नियम लागतो. लीलावती कन्या असो, शिष्या असो की केवळ कल्पना असो, ग्रंथातली लीलावती गणित जाणणारी आहे. तिचे सांत्वन चाललेले नसून तिची परीक्षा चालली आहे.

गोष्टीतील पात्र मात्र अगदी खरे आहे. तांब्याची वाटी, तिच्या बुडाशी बारीक छिद्र. ती पाण्यावर सोडली की हळूहळू भरते व बुडते. एक बुडी म्हणजे एक घटिका. दिवस व रात्र मिळून ६० घटिका, म्हणून एक घटिका आपल्या २४ मिनिटांची. तिचा साठावा भाग ते पळ. पूर्वी लग्नमंडपात असे पात्र मांडीत. आपण आजही 'घटकाभर बसा' म्हणतो आणि आजारी मनुष्य शेवटच्या घटका मोजतो. घडी आणि घड्याळ हे शब्द त्याच कुळातले. वेळ जाहीर करण्यासाठी काशाची जी थाळी बडवीत तिला तास म्हणत. आपल्या शाळेतील गणिताच्या तासाचे नाव ऐकताना ती थाळी कोणाच्या ध्यानी येत नाही.

याहून जुनी तऱ्हा गळतीची होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील नालिका अशी आहे: कुंभातील पाणी छिद्रावाटे बाहेर पडावयाचे. परंतु माठ जसजसा रिकामा होतो तसतशी धार मंदावते. बुडत्या पात्रात ही अडचण पुष्कळ कमी होते. पात्राचे वजन बाहेरच्या पाण्याने तोलून धरलेले असते, म्हणून बाहेरची पातळी आतल्या पातळीपेक्षा थोडी उंच राहते आणि त्या फरकाच्या दाबाने पाणी आत शिरते. भिंती उभ्या असतील तर हा फरक शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो. गोल बुडाच्या पात्रात आरंभी पाणी जोराने व मागाहून सावकाश येते खरे, परंतु एका बुडीस लागणारा एकूण वेळ तोच राहतो.

छिद्र केवढे असावे याविषयी जुन्या ग्रंथांत बारीक नियम आहेत. इतक्या वजनाचे तांबे, इतकी उंची, इतक्या माशांच्या सोन्याची चार अंगुळे लांब तार ओढून तिच्या जाडीएवढे भोक. भास्कराचार्य या खटाटोपात शिरत नाहीत. त्यांच्या गोलाध्यायात याच पात्राचे वर्णन आहे आणि त्याचे तात्पर्य असे: अर्ध्या घटासारखे ताम्रपात्र करा, तळाशी छिद्र ठेवा, एका अहोरात्रात ते किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्रास भागा, ते त्या पात्राचे मान. भोक लहान की मोठे हा प्रश्नच उरत नाही. ज्याच्या हातून एका मोत्यापायी मुहूर्त निसटला असे आपण सांगतो, त्याची पात्राविषयीची खरी शिकवण ही आहे. मोत्याच्या गोष्टीपेक्षा मला ती अधिक आवडते.

चौथी-पाचवीच्या वर्गात हे करून पाहता येते. ॲल्युमिनियमची पातळ, गोल बुडाची वाटी घ्यावी. बारीक खिळ्याने तळाशी आतून बाहेर भोक पाडावे, म्हणजे फाटलेली कड बाहेरच्या अंगास जाईल. हे काम शिक्षकांनीच करावे. पाणी गाळलेले घ्यावे, नाहीतर भोकात कचरा अडकतो व मुलांचा विरस होतो. बादलीत वाटी सोडून एका तासात ती किती वेळा बुडते हे मुलांनी मोजावे. आठ वेळा बुडाली तर ६० ला ८ ने भागून साडेसात मिनिटे. बुडालेली वाटी काढणे, रिकामी करणे व पुन्हा सोडणे यांत जाणारा वेळ कोठे धरावयाचा, हा वाद मुले आपण होऊनच काढतील. त्यांना तो घालू द्यावा.

मग मोत्याची पाळी. प्रथम ज्वारीचा दाणा भोकावर ठेवावा. खालून येणारे पाणी त्यास ढकलून बाजूस सारते, आणि गोष्ट खोटी म्हणून वर्ग गलका करतो. त्यानंतर सायकलच्या बेअरिंगमधील लोखंडी छर्रा ठेवावा. तो जड असल्यामुळे जागचा हलत नाही, व भोकाची कड गुळगुळीत असेल तर पाणी थांबते किंवा अगदी झिरपत येते. म्हणजे लीलावतीचा मोती पुरेसा मोठा असता तर पात्र अडले असते, लहान असता तर नाही. तो केवढा असावयास हवा होता, हे निरनिराळ्या आकारांचे खडे आणि मणी घेऊन मुलींनाच शोधून काढू द्यावे.