भिंगामागचा डोळा – लेखांक ७ : चष्मा असताना रायफलचा स्कोप निवडताना

गेल्या आठवड्यात पक्षिनिरीक्षणाच्या दुर्बिणी पाहिल्या. आज रायफलवर बसणारी दुर्बीण, म्हणजे स्कोप. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे आणि ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही. त्यामुळे ही खरेदी मुख्यतः अमेरिकेसारख्या देशांतली. तिथे परवाना काढून हरणांची शिकार होते आणि शिकाऱ्यांत चाळिशी ओलांडलेले पुष्कळ असतात.

साध्या बंदुकीवर नेम धरताना मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी डोळ्याला जुळवाव्या लागतात. वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि ते जमेनासं होतं. स्कोपमध्ये लक्ष्य आणि त्यावरची फुली, म्हणजे रेटिकल, एकाच प्रतलात दिसतात. उतारवयातल्या नजरेला याच्याइतकी मदत दुसरं काही करत नाही.

डोळ्याकडच्या टोकाला एक फिरतं कडं असतं. ते लक्ष्यासाठी नसून रेटिकल स्पष्ट करण्यासाठी असतं, आणि बहुतेक लोक त्याला हातही लावत नाहीत. स्कोप मोकळ्या आकाशाकडे धरा (सूर्याकडे कधीही नको), क्षणभर पाहा, नजर हटवा, कडं थोडं फिरवा, पुन्हा पाहा. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि जुळणी फसवी निघते. हे कडं साधा प्लस-मायनस नंबर सांभाळतं. सिलिंडर नंबर मात्र त्याच्या आवाक्यात नाही. सिलिंडर असेल तर चष्मा लावूनच नेम धरायचा आणि चष्मा लावूनच कडं जुळवायचं.

चष्म्यासाठी डोळा आणि स्कोप यांत अंतर हवं. साधारण साडेतीन इंच किंवा जास्त मिळत असेल तर बरं, नाहीतर धक्क्याने स्कोप चष्म्यावर आदळतो. गाल दस्त्याला टेकला की आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या भागातून पाहतो. प्रोग्रेसिव्ह भिंगात तिथे चित्र वाकडं दिसू शकतं. दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा करून घेतलेला बरा.

सिलिंडरवाल्यांना लाल ठिपक्याच्या साइट्स बहुधा मानवत नाहीत. ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेला दिसतो. दोष कुणाचा हे ओळखायचं असेल तर साइट हातात फिरवून पाहा : ठिपक्याची शेपटी सोबत फिरली नाही, तर दोष डोळ्याचा. अशांनी काचेवर कोरलेली काळी, जाडसर रेटिकल घ्यावी.

मोठ्या पॉवरचा मोह टाळा, असं माझं ठाम मत आहे. समोरच्या भिंगाचा व्यास भागिले पॉवर, एवढा रुंद प्रकाशझोत डोळ्याकडे येतो. ४० मिलिमीटरचं भिंग ४ पटीला १० मिलिमीटरचा झोत देतं, १० पटीला फक्त ४ चा. झोत अरुंद झाला की डोळा किंचित हलला तरी चित्र काळवंडतं. चष्म्यामागे तर ते लवकर होतं. ३ ते ९ पट आणि ४० मिलिमीटर, हा जुना मेळ हरणाच्या शिकारीला पुरेसा आहे. उरलेले पैसे काचेच्या दर्जावर घाला, कारण हरणं पहाटे आणि सांजेला, कमी उजेडात हलतात.

वर्षभरात डोळे तपासले नसतील तर आधी तपासून घ्या. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर महागड्या स्कोपनेही अंधूकपणा जाणार नाही. नंबर बदलला असेल, तर नवा चष्मा लावूनच दुकानात जा.