गेलेल्या माणसाच्या तोंडून कोण बोलतं?

मृत बायकोचा आवाज नवऱ्याशी बोलू लागतो, अशी कल्पना करणारी 'लाइफआफ्टर' ही विज्ञान श्रुतिका २०१६ साली आली. तेव्हा हे निव्वळ कल्पनारंजन वाटलं होतं. आज हाच प्रश्न आपल्या न्यायालयांसमोर आहे.

श्रुतिकेतला रॉस हा अमेरिकेच्या एफबीआयमधला एक साधा, खालच्या पायरीवरचा कर्मचारी. बायको चार्ली जाऊन आठ महिने झालेत. 'व्हॉइसट्री' या काल्पनिक समाजमाध्यमावर लोक स्वतःच्या आवाजातल्या छोट्या नोंदी टाकत असतात. चार्लीनेही अशा कितीतरी टाकल्या होत्या. रॉस त्या पुन्हा पुन्हा ऐकत बसतो. आणि एके दिवशी तो आवाज चक्क त्याच्याशी बोलू लागतो.

'लाइफआफ्टर' पॉडकास्टवर आली ती दहा भागांत. लेखक नाटककार मॅक रॉजर्स. आदल्याच वर्षी त्यांची 'द मेसेज' ही परग्रहावरून आलेल्या संदेशाची श्रुतिका गाजली होती. दोन्हींमागे जनरल इलेक्ट्रिक, म्हणजे विमानाची इंजिनं बनवणारी जीई आणि पॅनॉप्ली ही पॉडकास्ट कंपनी होती.

हीच गोष्ट रंगमंचावर करायची तर मेलेली बाई दाखवायची कशी, हा दिग्दर्शकापुढचा पहिला पेच. श्रुतिकेत तो पेचच उरत नाही. चार्ली आपल्याला दिसत नाही, पण रॉस तरी कुठे दिसतो? दोघंही आपल्यापुरती आवाजच. जिवंत नवरा आणि मृत बायको यांच्या असण्याचा पुरावा कानाला सारखाच मिळतो. त्यामुळे रॉसला 'वेडा आहेस का?' असं म्हणायची सोय श्रोत्याला राहत नाही. इतका वेळ तोही नुसत्या आवाजांवर विश्वास ठेवूनच ऐकत असतो.

एका वर्षातली तीन पावलं

श्रुतिकेची वेळही नेमकी होती. तोवर यंत्राला बोलतं करायचं म्हणजे एखाद्या निवेदकाला स्टुडिओत तासन्‌तास वाचायला लावायचं, त्या ध्वनिमुद्रणाचे बारीक तुकडे करायचे आणि हवे तसे जोडायचे. जोड कानाला कळायचे. सप्टेंबर २०१६मध्ये डीपमाइंड या एआय कंपनीने 'वेव्हनेट' जाहीर केलं. त्यात तुकडे जोडणं नव्हतं. ध्वनिलहर यंत्रच घडवत होतं, सेकंदाला १६ हजार बिंदू, आणि प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूंवरून ठरवलेला. श्वास आणि ओठांचे बारीक आवाजसुद्धा त्यात आपोआप उतरले.

नोव्हेंबरात, श्रुतिका सुरू झाली त्याच महिन्यात, अडोबीने 'वोको' या प्रयोगाचं प्रात्यक्षिक केलं. एखाद्याचं वीसेक मिनिटांचं बोलणं दिलं की तो कधीच न बोललेली वाक्यं त्याच्या आवाजात तयार. हे उत्पादन बाजारात आलं नाही, पण वाट दिसली होती. पुढे, जानेवारी २०२३मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या 'वॉल-ई'ने वीस मिनिटांवरचं काम तीन सेकंदांवर आणलं.

आवाजाआधी शब्द आले होते. मॉस्कोत नोव्हेंबर २०१५मध्ये रोमन माझुरेन्को हा तरुण अपघातात गेला. त्याची मैत्रीण युजेनिया कुइडा हिने त्याचे जुने मेसेज गोळा करून त्याच २०१६मध्ये एक चॅटबॉट तयार केला. काहींना त्याच्याशी बोलून बरं वाटलं, काहींनी त्याला हात लावायलाही नकार दिला.

इंजिनाचं जुळं, माणसाचं जुळं

जीईसारखी कंपनी या गोष्टीत का पडली? त्याच काळात ती 'डिजिटल ट्विन'चा मोठा गाजावाजा करत होती. प्रत्यक्ष इंजिनावरच्या सेन्सरची माहिती सतत पुरवून संगणकात त्याचं जुळं भावंड ठेवायचं, म्हणजे बिघाड आधीच कळतो. इंजिनाच्या बाबतीत हे चालतं, कारण तापमान, दाब आणि कंपनं मोजली की त्याचं बरंचसं मोजून होतं. चार्लीने मात्र चारचौघांत जे सांगायचं ठरवलं, तेवढंच नोंदींत आहे. भांडणातला अबोला, नवऱ्यापासून लपवलेली काळजी, तोंडावर आलेलं पण गिळलेलं वाक्य यांची नोंद कुठेच नाही. त्या मोकळ्या जागा यंत्र स्वतःच्या अंदाजाने भरतं. आणि तो अंदाज काय असावा, हे यंत्राचा मालक ठरवतो.

म्हणून 'ही खरंच चार्ली आहे का?' हा रॉसला पडलेला प्रश्न मला अपुरा वाटतो. तिच्या तोंडून कोण बोलतंय आणि त्याला रॉसकडून काय हवंय, हे आधी विचारायला हवं. ते न विचारल्यामुळे त्याची नोकरी आणि जीव, दोन्ही पणाला लागतात.

आपल्याकडे काय?

जानेवारी २०२४मध्ये ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने परत आणले. दोन्ही कुटुंबांची परवानगी घेऊन मानधन दिल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्याच वर्षी जुलैत अरिजित सिंगच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या एआय साधनांना मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. २०२५मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाने असंच संरक्षण दिलं.

न्यायालयाचे हे दोन्ही आदेश कलावंत हयात असतानाचे. दिवंगत अभिनेता सुशांतसिंह राजपूतवरच्या चित्रपटाच्या वादात मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३मध्ये म्हटलं, की असे व्यक्तिगत हक्क माणसाबरोबरच संपतात, वारसांकडे जात नाहीत. ही भूमिका धरली तर रहमान यांनी घेतलेली परवानगी सौजन्यात मोडते आणि चार्लीसारखीच्या बाजूने बोलणारं कोणी उरत नाही.

व्हॉट्सअॅपवरच्या आवाजी निरोपांमुळे आज प्रत्येक घरात असा साठा आपोआप जमतोय, आणि नकलेला तीन सेकंद पुरतात. तेव्हा मृत्युपत्रात घर आणि दागिन्यांच्या बरोबरीने एक ओळ यासाठीही लिहावी: माझ्या पश्चात माझा आवाज कोणी वापरावा, कशासाठी, की वापरूच नये. कायद्याने ती ओळ टिकेल की नाही, हे पुढे ठरेल. घरच्यांना तरी आपलं म्हणणं आपल्याकडूनच कळलेलं असेल.