चित्र कोणाच्या बाजूचे?

मुलांच्या पुस्तकातील चित्र म्हणजे मजकुराची सजावट, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती पारखण्यासाठी आपण काऊ-चिऊचीच गोष्ट घेऊ. पावसात काऊचे शेणाचे घर वाहून जाते आणि चिऊ दार उघडायला उशीर लावते, एवढेच शब्द सांगतात. चित्रकार दाराच्या आत उभा राहिला, तर बाळाला न्हाऊमाखू घालणारी चिऊ आपलीशी वाटते. बाहेर उभा राहिला, तर कुडकुडणाऱ्या काऊची दया येते. म्हणजे दोष कोणाचा, हे मूल चित्रावरून ठरविते. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी बदलापुरात घराघरांत शिरले. ते ज्यांनी पाहिले, त्यांना भिजलेला काऊ समजावून सांगावा लागत नाही.

माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या पुस्तकात लेखन आणि चित्रे एकाच हातची आहेत. अशा वेळी शब्दांनी कोठे थांबावे आणि चित्राने कोठून बोलावे, हे एकच मन ठरविते. इतरत्र लेखक आणि चित्रकार यांना ते एकमेकांशी बोलून ठरवावे लागते.

म्हणून पुस्तक घेताना आपण मजकूर चाळतो, तसे चित्रही वाचावे. आणि ते कोणाच्या बाजूला उभे आहे, एवढे तरी पाहावे.