आडनाव परेरा, म्हणजे खापरपणजोबा पोर्तुगीज?

आजचा विषय वसईच्या घराघरात निघतो. आडनाव परेरा, लोपीस, डिमेलो किंवा तुस्कानो असेल, तर कोणीतरी विचारतंच, "तुमचे पूर्वज पोर्तुगालहून आले ना?" वटार, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, कुठेही जा, हा प्रश्न चुकत नाही.

आधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ. 1620 मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून 102 प्रवासी तिकडे पोचले. त्यातले जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. आज लाखो अमेरिकन लोक आपलं घराणं त्या जहाजापर्यंत नेऊन भिडवतात. त्यांच्या वंशजांची संस्थाही आहे. सभासद व्हायचं तर प्रत्येक पिढीचा पुरावा द्यावा लागतो. नुसतं आडनाव जुळून भागत नाही.

आता आपल्याकडे या. 1534 च्या तहात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे वर्षं इथे पोर्तुगीज होते. पण मोठा फरक असा, की तिकडे वसाहतीला माणसं आली आणि सोबत त्यांची आडनावं आली. आपल्याकडे बहुतेक घरांत फक्त आडनावं आली, माणसं आधीपासून इथलीच होती. बाप्तिस्मा घेताना नवं नाव मिळायचं आणि आडनाव बऱ्याचदा धर्मपित्याचं किंवा पाद्रींचं लागायचं. 'कुपारी' हा शब्दही पोर्तुगीज 'कोंपाद्रे' म्हणजे धर्मपिता यावरूनच आला असं मानतात. म्हणून शेजारच्या दोन परेरा घरांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही.

मग मिश्र घराणी नव्हतीच का? होती की! वसईत जन्मलेले आणि 1597 मध्ये नागासाकीला हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज आणि आई इथली, असं मानलं जातं. पण एका घराचा इतिहास सगळ्या गावाला लावता येत नाही.

खरं शोधायचं कसं? अलीकडून पलीकडे जायचं. पायरी गाळायची नाही.

पहिली पायरी, घरातली म्हातारी माणसं. आजीला तिचं माहेर विचारा, घराला गावात कोणत्या नावाने हाक मारतात ते विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. हे काम आजच करा, कारण हा कागद दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

दुसरी, चर्चचं रजिस्टर. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचं नाव, तारीख, आईवडील आणि धर्ममातापिता असतात. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असू शकतात. घरी ज्याला जुआंव म्हणायचे, तो तिथे 'जोआनेस' म्हणून सापडेल. तुमचं धर्मग्राम नंतर वेगळं झालं असेल, तर जुनी वही मूळ चर्चमध्ये असेल. फादरना रीतसर विनंती करा.

तिसरी, जमिनीचे कागद. सातबारा आजचा मालक सांगतो, पण खरी गंमत फेरफारात आहे. खातेदार गेला की वारसांची नावं तिथे चढतात, म्हणजे एका नोंदीत दोन पिढ्या. पालघर जिल्हा 2014 मध्ये झाला, त्यामुळे जुन्या कागदांवर 'जिल्हा ठाणे' दिसलं तर दचकू नका. गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, तहसील कचेरीत विचारा. काही मोडीत असतील, तेव्हा मोडी वाचणारा गाठा. हिंदू घरांसाठी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा आणखी एक खजिना आहे.

आणि डीएनए चाचणी? साधा हिशोब बघा. दहा पिढ्या मागे तुमच्या वंशवृक्षात 1024 जागा असतात. तिथल्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी 0.1 टक्का, कधी कधी शून्यही. 1534 तर त्याहून खूप मागे. म्हणजे एखादा पूर्वज खराच पोर्तुगीज असला तरी चाचणीत दिसेलच असं नाही.

आता पैशाची गोष्ट, नीट ऐका. "आडनाव पोर्तुगीज आहे, पासपोर्ट काढून देतो" असं सांगणारे एजंट भेटतात. पोर्तुगीज नागरिकत्वाचा तो मार्ग मुख्यतः 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेल्यांसाठी आणि त्यांच्या मुला-नातवंडांसाठी आहे. वसई 1739 मध्येच त्यांच्या हातून गेली. तुमची आजी दमणची असेल, तर तिचा जन्मदाखला शोधा. नुसत्या आडनावावर लाखभर रुपये कोणाच्या हातात ठेवू नका.

पूर्वज लिस्बनचा निघाला नाही म्हणून हिरमुसायचं कारण नाही. वटारच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या वाडी शिंपणाऱ्या माणसाचं नाव फेरफारात सापडणं, हीसुद्धा मोठीच कमाई आहे. तुमच्या घराचं गावातलं नाव काय, ते खाली नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!