आगरातील केळ व बाटलीतील रोप

वाशिष्ठी नदी जेथे समुद्रास मिळते, त्या दाभोळच्या परिसरात माडपोफळीच्या आगरात केळ लावण्याचा प्रघात जुना आहे. शेजारच्या आगरातून मुनवे आणून लावणे स्वस्त खरे. परंतु मुनव्याबरोबर पर्णगुच्छ रोगही घरी येतो. पाने आखूड, अरुंद व ताठ होऊन शेंड्याशी दाटतात. लहानपणीच रोग जडलेली केळ घड धरीत नाही. यावर औषध नाही; शिंपणे, खत व मजुरी सारे वाया जाते.

येथे ऊतिसंवर्धन कामी येते. निरोगी ठरलेल्या केळीच्या कंदातील कोंबाचे टोक निर्जंतुक करून बाटलीत ठेवतात. त्यास क्षार, साखर व वाढद्रव्ये घातलेली घट्ट खळ अन्न म्हणून देतात. (ही खळ समुद्रशेवाळाच्या ‘अगर’ने घट्ट करतात, आपल्या आगराशी तिचे केवळ नामसाम्य आहे.) एका कोंबाचे अनेक कोंब होतात; ते विलग करून मुळे फुटेपर्यंत वाढवितात. जळगाव जिल्ह्यातील बागाईतदार ‘ग्रँड नैन’ जातीची अशी रोपे मोठ्या प्रमाणावर लावतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० साली सागाची रोपे या पद्धतीने केल्याचे प्रसिद्ध केले, आणि १९९० साली तेथेच बांबूला बाटलीत फुले आणून दाखविली. एरवी त्यासाठी कित्येक दशके थांबावे लागते!

माडाबद्दल मात्र घाई नको. त्यास शेंडा एकच. तो काढला की झाड मेले, आणि केळीसारखे मुनवेही फुटत नाहीत. म्हणून माडाची रोपे आजही निवडक नारळांपासूनच करावी लागतात.

औषधांच्या बाबतीत सह्याद्रीतील नरक्या वृक्षाचे उदाहरण बोलके आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते. त्यापासून कर्करोगावरील औषधे बनतात. त्यासाठी रानातील झाडे बेसुमार तोडली गेली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या वृक्षाच्या पेशी द्रवात वाढवून त्यात हे द्रव्य तयार होते, असे २००१ साली दाखविले. झाडाच्या मानाने त्याचे प्रमाण अल्प, हीच अडचण. जपानमध्ये मात्र शिकोनिन हे द्रव्य १९८३ सालापासून पेशीसंवर्धनाने व्यापारी प्रमाणावर काढण्यात आले.

पुन्हा केळीकडे. बाटलीतील रोप नाजूक असते. त्याच्या पानांवर मेणाचा थर पुरेसा नसतो. सावलीत टप्प्याटप्प्याने कणखर केलेलीच रोपे घ्यावीत. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून अशा रोपांसाठी प्रमाणपत्राची व्यवस्था केली आहे. ग्रामसेवकांनी ते पाहिल्यावाचून खरेदीचा सल्ला देऊ नये. शंका असल्यास दापोलीचे कृषि विद्यापीठ जवळच आहे.

रोप रोगमुक्त आले तरी त्यास रोग होणारच नाही, असे मात्र कोणी समजू नये. मावा हा रोग एका केळीवरून दुसरीवर नेतो. यास्तव नवी रोपे लावण्यापूर्वी आगरातील व कुंपणालगतची रोगट केळ, आधी मावा मारून, कंदासकट उपटून नष्ट करावी. शेजाऱ्यासही तसे करावयास सांगावे.