राजमाता ब्लँश

इ. स. १२०० च्या आरंभीचे, कडाक्याच्या थंडीचे दिवस. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर पिरेनीज पर्वताच्या रांगा पसरल्या आहेत. त्या पर्वताच्या घाटवाटा ओलांडून एक वृद्ध राणी आपल्या परिवारासह दक्षिणेकडे चालली होती. तिच्या वयाला पंचाहत्तर वर्षे केव्हाच उलटून गेली होती. त्या काळी इतके आयुष्य लाभणेदेखील दुर्मिळ होते; मग अशा वयात, अशा ऋतूत, एवढा बिकट प्रवास करणाऱ्या या राणीचे सर्वांना नवल वाटले असल्यास त्यात आश्चर्य नाही. तिचे नाव एलिनॉर. ती निघाली होती आपल्या एका नातीला आणण्यासाठी.

एलिनॉरचे जीवन मोठे विलक्षण होते. प्रथम ती फ्रान्सचा राजा सातवा लुई याची राणी होती. तो विवाह मोडल्यावर तिने दुसरा हेन्री याच्याशी विवाह केला आणि पुढे तो इंग्लंडचा राजा झाल्यामुळे ती इंग्लंडची राणी झाली. आता तिचा धाकटा मुलगा जॉन इंग्लंडच्या गादीवर होता, आणि फ्रान्सच्या गादीवर सातव्या लुईचा, दुसऱ्या राणीपासून झालेला मुलगा फिलिप हा होता. या दोन राज्यांमध्ये वर्षानुवर्षे युद्ध चालले होते. ते थांबावे म्हणून तहाची बोलणी सुरू झाली. त्या तहातील एक कलम असे होते, की जॉनच्या एका भाचीचा विवाह फिलिपचा पुत्र लुई याच्याशी व्हावा. जॉनची बहीण स्पेनमधील कॅस्टील या राज्याची राणी होती. तिच्या दोन मुली अविवाहित होत्या. थोरली उर्राका व धाकटी ब्लँश. यांपैकी एकीची निवड करण्याचे काम आजीकडे आले होते.

सर्वांना वाटले होते, की थोरल्या उर्राकाची निवड होणार. परंतु आजीने धाकट्या नातीला निवडले. उर्राका हे नाव फ्रेंच लोकांच्या कानांना रुचणार नाही, असे कारण त्या वेळी सांगण्यात आले. कित्येकांचे मत मात्र असे आहे, की त्या अनुभवी वृद्धेने नावापेक्षा गुणांचीच पारख अधिक केली असावी. उर्राका पुढे पोर्तुगालची राणी झाली.

ब्लँशचा जन्म इ. स. ११८८ मध्ये पालेन्सिया या गावी झाला होता. म्हणजे आजीबरोबर घर सोडताना तिने नुकतेच बारा वर्षांच्या वयात पदार्पण केले होते. परतीच्या वाटेवर एलिनॉर फार थकली आणि एका मठात विश्रांतीसाठी राहिली. पुढचा प्रवास मुलीने बोर्दो येथील आर्चबिशपच्या सोबतीने पुरा केला. २३ मे १२०० रोजी नॉर्मंडीतील एका गावी तिचा विवाह झाला. त्या वेळी पोपने फ्रान्सच्या राज्यात धर्मविधींवर बंदी घातली होती. त्यामुळे हा विवाह राज्याबाहेर, तिच्या मामाच्या मुलखात उरकावा लागला. वरही तिच्याच वयाचा, बारा वर्षांचा होता.

परक्या देशात, परक्या भाषेत त्या मुलीचे दिवस कसे गेले असतील? त्याच वर्षी लिंकनचा बिशप ह्यू पॅरिसला आला होता. बालवधू दुःखात आहे, तेव्हा तिची भेट घ्यावी, अशी विनंती लुईने त्याला केली. बिशपने तिचे सांत्वन केले आणि त्यानंतर तिची मुद्रा प्रसन्न झाली, असे त्याच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. बारा वर्षांच्या पतीला आपल्या पत्नीचे दुःख दिसले, ही गोष्ट लहान असली तरी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे या उभयतांचे सहजीवन परस्परांच्या विश्वासावर उभे राहिले.

ज्या शांततेसाठी हा विवाह घडवून आणला, ती मात्र दोन वर्षेही टिकली नाही. इ. स. १२०२ मध्ये युद्ध पुन्हा पेटले. इ. स. १२०४ मध्ये फिलिपने जॉनपासून नॉर्मंडी जिंकून घेतली. सासरा आणि मामा एकमेकांशी लढत होते आणि ब्लँश दोघांच्या मधोमध उभी होती. नात्याच्या धाग्याने राज्ये बांधता येतात, या समजुतीचा फोलपणा तिला लहान वयातच दिसून आला.

इ. स. १२१६ मध्ये तर याहून नवल घडले. जॉनच्या जुलमाला कंटाळलेल्या इंग्लंडच्या सरदारांनी लुईलाच आपल्या देशाचे राज्य देऊ केले. ब्लँश ही दुसऱ्या हेन्रीची नात, म्हणून तिच्या पतीचा त्या गादीवर हक्क पोहोचतो, असे कारण पुढे करण्यात आले. लुई सैन्य घेऊन इंग्लंडमध्ये उतरला. पण त्याच वर्षी जॉन मरण पावला, त्याच्या लहान मुलाभोवती सरदार गोळा झाले आणि लुई अडचणीत सापडला. फिलिप राजा मदत देईना. तेव्हा ब्लँशने स्वतः पुढाकार घेऊन कॅले बंदरात सैन्य आणि गलबते जमवली. मदत मिळत नसेल तर मी माझी मुले गहाण ठेवून पैसा उभा करीन, असे तिने सासऱ्याला बजावले, अशी आख्यायिका आहे. ऑगस्ट १२१७ मध्ये इंग्रजांनी समुद्रावरील लढाईत त्या आरमाराचा पराभव केला आणि लुईला तह करून परत यावे लागले. मोहीम फसली, परंतु ही स्त्री संकटकाळी हातपाय गाळून बसणारी नव्हे, हे सर्वांना कळून चुकले.

इ. स. १२२३ मध्ये फिलिपच्या मृत्यूनंतर लुई व ब्लँश यांचा रेंस येथे राज्याभिषेक झाला. परंतु राणीपदाचे सुख तिला फार काळ लाभले नाही. नोव्हेंबर १२२६ मध्ये, दक्षिणेच्या मोहिमेवरून परतत असताना, आठवा लुई आजारी पडून वारला. राज्य आणि मुले यांचा सांभाळ ब्लँशने करावा, अशी त्याची अंतिम इच्छा होती. थोरला जिवंत मुलगा, नववा लुई, त्या वेळी बारा वर्षांचा होता. ज्या वयात आईला घर सोडावे लागले, त्याच वयात मुलाच्या मस्तकी मुकुट आला!

पतिनिधनाचे दुःख बाजूला सारून ब्लँशने तीन आठवड्यांच्या आत मुलाचा राज्याभिषेक करविला. उशीर करणे धोक्याचे होते. राजा अल्पवयीन, राज्य चालविणारी एक स्त्री आणि तीही परदेशची! बड्या सरदारांना ही नामी संधी वाटली. ब्रिटनीचा पीटर आणि त्याचे साथीदार यांनी बंडाचे निशाण उभारले. राजाला वाटेत पकडण्याचा त्यांचा बेत होता. आई आणि मुलगा माँलेरीच्या किल्ल्यात अडकून पडले. ब्लँशने पॅरिसच्या नागरिकांना निरोप धाडला. तेव्हा नगरातील लोक शस्त्रे घेऊन बाहेर पडले, आणि किल्ल्यापासून पॅरिसपर्यंतच्या रस्त्यावर दुतर्फा उभ्या राहिलेल्या त्या जनसमुदायातून बालराजा सुखरूप राजधानीत आला. ही आठवण लुईने आयुष्यभर जपली आणि पुढे आपला मित्र व चरित्रकार ज्वाँव्हील याला सांगितली.

इ. स. १२२९ च्या ऐन हिवाळ्यात राजाच्या सैन्याने बेलेमच्या किल्ल्याला वेढा घातला. ब्लँश स्वतः छावणीत होती. थंडीने माणसे आणि घोडे गारठून मरू लागले. तेव्हा तिने आसपासची झाडे तोडवून जागोजागी शेकोट्या पेटवावयास लावल्या. सैन्य तगले आणि किल्ला पडला. पुढील वर्षी इंग्लंडचा तिसरा हेन्री, म्हणजे ब्लँशचा मामेभाऊ, सैन्य घेऊन ब्रिटनीत उतरला. पण काही न साधता तो परत गेला.

दक्षिणेत तूलूझचा सातवा रेमंड फ्रान्सच्या राजाविरुद्ध लढत होता. तोही परका नव्हता. त्याची आई आणि ब्लँशची आई या सख्ख्या बहिणी. इ. स. १२२९ मध्ये ब्लँशने या मावसभावाशी तह केला आणि वीस वर्षांचे ते युद्ध संपविले. रेमंडची एकुलती एक कन्या जोन हिचा विवाह ब्लँशचा पुत्र अल्फॉन्स याच्याशी ठरला. या विवाहामुळे पुढे इ. स. १२७१ मध्ये तूलूझचा प्रदेश फ्रान्सच्या राज्यात आला. परंतु तहाच्या वेळी ती मुलगी अवघी नऊ वर्षांची होती आणि तिला फ्रान्सच्या दरबारात आणून वाढविण्यात आले. जे आपल्या वाट्याला आले, तेच ब्लँशने दुसऱ्या एका मुलीच्या वाट्याला दिले. त्या काळातील राजनीतीची रीतच अशी होती, की मुली या तहाच्या कागदावरील मोहरा होत्या.

ब्लँशच्या हातून चुकाही झाल्या. इ. स. १२२९ मध्येच पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी एका मद्यगृहात दंगा केला. तिने कठोर शिक्षेची आज्ञा दिली आणि शिपायांच्या हल्ल्यात निरपराध विद्यार्थीही मारले गेले. संतापलेले अध्यापक व विद्यार्थी नगर सोडून निघून गेले. दोन वर्षे ते विद्यापीठ ओस पडले. घरातही तिचा स्वभाव करडाच होता. इ. स. १२३४ मध्ये लुईचा विवाह प्रोव्हान्सच्या मार्गरेटशी झाला. मुलगा व सून यांनी फार वेळ एकत्र राहू नये, असा ब्लँशचा कटाक्ष असे. त्यामुळे पाँत्वाझच्या राजवाड्यातील जिन्यावर ती दोघे लपूनछपून भेटत आणि सासूबाई येताना दिसल्या की सेवक दारावर काठी आपटून त्यांना सावध करीत, असे ज्वाँव्हीलने लिहिले आहे. लहानपणी परमुलखात एकटी पडलेली ब्लँश सुनेच्या बाबतीत मात्र ते दुःख विसरली.

इ. स. १२४८ मध्ये लुई धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे निघाला. जाताना त्याने राज्य पुन्हा आईच्या हाती सोपविले. तेव्हा ब्लँशने साठी गाठली होती. दोन वर्षांनी इजिप्तमधून भयंकर वार्ता आली. तिचा पुत्र रॉबर्ट रणांगणावर पडला होता आणि खुद्द राजा शत्रूच्या हाती सापडला होता. मोठी खंडणी देऊन लुईची सुटका झाली. परंतु तो आणखी चार वर्षे स्वदेशी परतला नाही. वृद्ध आई पैसा पाठवीत राहिली आणि राज्यही सांभाळीत राहिली.

याच काळातील एक प्रसंग तिच्या थोरवीची साक्ष देतो. पॅरिसजवळील ऑर्ली या गावच्या शेतकऱ्यांनी एक कर देण्याचे नाकारले. ते गाव नोत्र दाम या महामंदिराच्या धर्माधिकाऱ्यांच्या ताब्यात होते. त्यांनी शेतकऱ्यांना तुरुंगात कोंडले. त्यांना जामिनावर सोडावे, असे ब्लँशने कळविले. त्यावर, आमच्या कुळांशी राणीचा काय संबंध, असे उत्तर मिळाले आणि शेतकऱ्यांच्या बायकामुलांनाही आत कोंडण्यात आले. दाटीमुळे आणि उकाड्याने काही जण दगावले. तेव्हा राणी शिपाई घेऊन स्वतः तुरुंगापाशी गेली. धर्माधिकाऱ्यांच्या जागेवर हात टाकण्यास शिपाई कचरतील, हे ओळखून तिने हातातील काठीने दारावर पहिला प्रहार स्वतःच केला. दार फुटले आणि भुकेने व्याकूळ झालेले ते जीव बाहेर आले.

त्यानंतर लवकरच, नोव्हेंबर १२५२ मध्ये, ब्लँशचे पॅरिस येथे निधन झाले. तिनेच स्थापन केलेल्या मोब्युइसाँच्या मठात तिला पुरण्यात आले. ही वार्ता दूरदेशी लुईला कळावयास कित्येक महिने लागले. ती ऐकल्यावर दोन दिवस त्याच्याशी कोणालाही बोलता आले नाही. राणी मार्गरेटही रडत होती. ज्वाँव्हीलने आश्चर्याने कारण विचारले, तेव्हा आपण सासूसाठी नव्हे, तर राजाच्या दुःखाने रडत आहोत, असे तिने सरळ सांगितले.

ब्लँशची थोरली बहीण बेरेन्गेला हिनेही कॅस्टीलमध्ये आपल्या मुलाचे राज्य असेच सावरून धरले होते. तो मुलगा तिसरा फर्डिनांड. तो आणि नववा लुई हे मावसभाऊ. दोघांनाही पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने संतपद दिले. मार्गरेटची बहीण तिसऱ्या हेन्रीला दिलेली असल्यामुळे फ्रान्स आणि इंग्लंडचे राजे एकमेकांचे साडू झाले होते. इ. स. १२५९ मध्ये या दोघांनी अखेर तह केला. एकोणसाठ वर्षांपूर्वी ज्या शांततेसाठी एका बारा वर्षांच्या मुलीला तिच्या घरातून आणले होते, तिची पहाट आता कोठे दिसू लागली. ती पाहण्यास ब्लँश राहिली नव्हती. तिला तहातील एक कलम म्हणून आणले गेले होते. परंतु दोन वेळा बुडू पाहणारे राज्य तिनेच तारले.