तेलाच्या थेंबाचा माग

पुष्कळ घरांच्या अंगणात आजही एखादी वीस-पंचवीस वर्षांची जुनी मोटार इमानेइतबारे सेवा करीत उभी असते. एके दिवशी सकाळी तिच्या पुढल्या चाकांजवळ जमिनीवर तांबूस तेलाचा डाग दिसतो. टाकीत तेल ओतले जाते, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी डाग पुन्हा हजर होतो. आम्ही शिक्षकमंडळी भाषा व इतिहास शिकविणारी. तथापि या डागाची कथा कोणत्याही शास्त्रीय पाठाइतकीच उद्‍बोधक आहे असे आम्हांस वाटते, म्हणून ती विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

मोटारीचे स्टीअरिंग, म्हणजे सुकाणू, हलक्या हाताने फिरावे म्हणून जी योजना असते तिला पॉवर स्टीअरिंग म्हणतात. अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने 1926 च्या सुमारास तेलाच्या दाबावर चालणारी अशी योजना मोटारीवर बसवून दाखविली. विक्रीच्या मोटारीत मात्र ती 1951 साली क्रायसलर कंपनीच्या इम्पीरियल गाडीतून आली. अलीकडच्या बहुतेक लहान मोटारींत हे काम विजेची मोटर करते. त्यांत हे तेलच नसते, म्हणून ही गळतीही नसते. जुन्या गाड्यांत मात्र तेलाचेच राज्य आहे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कालचा नियम आपण वर्गात शिकतो. येथे तोच नियम कामाला लागलेला असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकीतील तेल ओढून एका मजबूत नळीने पुढील चाकांमधील दंतपट्टीच्या नळकांड्यात ढकलतो. चालकाने स्टीअरिंग वळविताच एक झडप उघडते, तेल दट्ट्याच्या एका बाजूस जोर देते आणि चाके सहज वळतात. काम झालेले तेल दुसऱ्या, साध्या नळीने टाकीत परत येते. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2 किलोग्रॅम असतो; स्टीअरिंग पूर्ण वळविताना या तेलाचा दाब 70 ते 100 किलोग्रॅमपर्यंत चढतो! एवढा दाब सोसणारे रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते, त्यास चिरा पडतात आणि तेल वाट शोधते.

प्रथम डाग कशाचा आहे हे ओळखावे. गाडीखाली रात्रभर पांढरा कागद पसरून ठेवावा. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी स्वच्छ असते व वाळून जाते. इंजिनाचे जुने तेल काळपट, तर रेडिएटरचे पाणी रंगीत पण पातळ असते. स्टीअरिंगचे तेल बहुधा तांबडे, आणि जुने झाल्यावर तपकिरी दिसते. टाकीतील पातळी उतरली असेल आणि वळविताना पंप कण्हल्यासारखा आवाज करीत असेल, तर शंका उरत नाही.

आता खरा प्रश्न उरतो तो गळतीच्या मूळ जागेचा. तेल वरून ओघळत, वाऱ्याने मागे उडत, भलत्याच ठिकाणी थेंब टाकते. जेथे थेंब पडला तेथेच दोष आहे असे मानणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! यास्तव सर्व भाग धुऊन कोरडे करावेत, इंजिन सुरू करावे आणि एकाने स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. टोकाशी पाच सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवू नये. दुसऱ्याने सर्वांत उंचावरील ओली जागा कोणती ते विजेरीच्या प्रकाशात पाहावे. नळीवरून हात मात्र कधीही फिरवू नये. सूक्ष्म छिद्रातून दाबाने सुटलेले तेल कातडीत घुसून गंभीर इजा करते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

मूळ सापडले की उपाय त्यानुसार ठरतो. परतीच्या नळीचा क्लॅम्प सैल असेल तर तो आवळावा. नळी चिरली असेल तर तेल सोसणारी नवी नळी घालावी. दाबाची नळी जोडाशी पाझरत असल्यास ती संपूर्ण बदलावी, तिला पट्टी गुंडाळून भागत नाही. पंपाच्या दांड्याजवळ ओल असेल तर तेथील सील बदलावे लागते. दंतपट्टीच्या टोकांवरील रबरी घड्यांच्या पिशवीत तेल साचले असेल, तर आतील सील गेले असे समजावे, आणि ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावे. ज्या घराने आधी मूळ शोधले, त्याला एका क्लॅम्पच्या दुरुस्तीसाठी संपूर्ण दंतपट्टीचे पैसे मोजावे लागत नाहीत.

शेवटी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरावे. ब्रेकचे तेल चुकूनही घालू नये, कारण त्याने ही रबरी सीले बिघडतात. पुढील चाके उचलून गाडी भक्कम आधारावर टेकवावी, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग अनेकदा दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि पातळी भरीत जावे. तेलात फेस किंवा बुडबुडे दिसेनासे झाले म्हणजे आतील हवा निघाली. मग इंजिन सुरू करून पातळी पुन्हा पाहावी. काढलेले तेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये, डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

ही सारी खटपट कशासाठी? तेल संपले तरी गाडी वळते, पण स्टीअरिंग एकाएकी जड होते. चोर्ला घाटाच्या एखाद्या वळणावर, गाडी माणसांनी भरलेली असताना, तो जडपणा चालकास अवचित गाठतो. तापलेल्या धुराड्याच्या नळीवर पडलेले तेल पेटूही शकते. म्हणून विद्यार्थिमित्रहो, घरच्या गाडीखाली तांबडा डाग दिसला तर तो पुसून टाकण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना अवश्य दाखवा; आणि तेल ओतण्याआधी ते कोठून येते हे पाहण्याचा आग्रह धरा.